पोलादी पट्टी आणि लेन लाय

उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, व्हायब्रेशन हा शत्रू. लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, थरथरला की पृष्ठभागावर लाटा उमटतात, टूलची धार जाते आणि माल रिजेक्ट होऊन परत येतो. म्हणून आम्ही जॉब चकाच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीच्या, बाहेर फार काढत नाही, लांब असेल तर टेलस्टॉकचा आधार देतो, स्टेडी लावतो, आरपीएम उतरवतो. पंपाचे शाफ्ट, हायड्रॉलिक सिलिंडर, क्रँकशाफ्ट, बेळगावच्या या पट्ट्यात जे जे घडतं त्याची सगळी इभ्रत गप्पपणे फिरण्यात आहे. माझी आजवरची कमाई थरथर मारण्यातूनच आली.

भाची धारवाडला चित्रकला शिकते. तिने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, हे तुमच्या शॉपमध्ये होईल काय?’ व्हिडिओत पोलादाची एक पातळ, चकचकीत पट्टी उभी होती. खालचं टोक क्लॅम्पमध्ये आवळलेलं, वरचं मोकळं. समोर दांड्यावर एक गोळा. खालून मोटरने पट्टीला हलवायला सुरुवात केली. आधी ती नुसती शहारली. मग डोलू लागली. मग तिच्या अंगात बाक आला, बाक उलटा फिरला, उजेडाच्या रेघा तिच्यावरून वरखाली पळू लागल्या आणि एका क्षणी ती वाकून त्या गोळ्यावर आदळायला लागली. खण, खण, खण. मोटर मंदावली तसा आवाज विरळ झाला आणि पट्टी पुन्हा सरळ उभी राहिली. कामाचं नाव ‘ब्लेड’, 1959 च्या सुमाराचं. करणारा लेन लाय, फिल्म आणि चालती शिल्पं करणारा न्यूझीलंडचा कलाकार.

तो व्हिडिओ मी जेवणाच्या सुट्टीत शॉपमधल्या पोरांनाही दाखवला. चंदगड आणि खानापूरकडून रोज बसने येणारी पोरं. एकाने लगेच विचारलं, “पट्टी तुटत नाही काय?” हा प्रश्न मला फार आवडला. कलेबद्दल लिहिणारे बहुतेक जण तो विचारत नाहीत, आणि लेन लायचं निम्मं आयुष्य त्या एका प्रश्नापाशी अडलं होतं. त्याकडे येतोच.

लेनचा जन्म 5 जुलै 1901 चा, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधला. पोर लहान असतानाच वडील क्षयाने गेले. पुढे आईने लग्न केलं ते दीपगृहाच्या राखणदाराशी, आणि लेन काही काळ केप कॅम्पबेलच्या दीपगृहापाशी वाढला. रात्रभर फिरणारा झोत, समुद्र आणि वारा. पण त्याने स्वतः सांगितलेली आठवण त्याच्याही आधीची आहे. अंगणात पडलेल्या घासलेटच्या डब्याला त्याने लाथ मारली. डबा गडगडला, पत्र्यावरून उन्हाची तिरीप लखकन डोळ्यांत शिरली आणि दणका झाला. उजेड, हालचाल, आवाज, तिन्ही एकदम. पुढे त्याने जे काही केलं ते मला या डब्यातून निघालेलं दिसतं.

मिसरूड फुटायच्या वयात त्याच्या मनात एक विचार पक्का बसला. ढग रंगवणारे चित्रकार ढग सरकत असल्याचा भास कागदावर आणायची धडपड करतात. त्यापेक्षा सरळ हालचालच का मांडू नये? गवई सुरांची मांडणी करतो, तशी हालचालीची मांडणी करावी. हे नुसतं वाचलं तर कविकल्पना वाटेल. मशीनवर काम केलेल्या माणसाला मात्र त्यात तथ्य दिसतं. कॅम, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणारा तुकडा, काढताना आम्ही हालचालीचे तुकडे पाडतोच की: राइज, ड्वेल, रिटर्न. किती वेगाने चढायचं, कुठे थांबायचं, किती झटक्यात परत यायचं. कॅमची चढण जरा उभी केली तर तीच मशीन धसमुसळी होते, आणि जरा निजवली तर लोण्यासारखी चालते. हालचालीला स्वभाव असतो हे आम्हाला ठाऊक असतं, फक्त आम्ही तो ग्राहकाच्या ड्रॉइंगप्रमाणे ठरवतो. लेनने तो स्वभावच कलेचा माल मानला.

मग सिडनी, तिथे जाहिरातींच्या कंपनीत चलतचित्राचं तंत्र, सामोआत मुक्काम, आणि 1926 मध्ये बोटीवर कोळसा ओढायचं काम करत लंडन. तिथे त्याने ‘तुसालावा’ ही पहिली फिल्म केली. पॅसिफिक बेटांवरच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांच्या चित्रकलेतून उचललेले, अळीसारखे, पेशींसारखे आकार हळूहळू वाढतात, एकमेकांना वेढतात. दहाएक मिनिटांच्या या फिल्मसाठी चार हजारांहून जास्त चित्रं हाताने काढली आणि त्यात दोनेक वर्षं गेली. 1929 मध्ये ती दाखवली गेली. पुढच्या फिल्मसाठी पैसे मिळेनात. कॅमेरा भाड्याने घेणं परवडेना. तेव्हा त्याने कॅमेरा सोडूनच दिला. स्टुडिओत टाकून दिलेले फिल्मचे तुकडे मागून आणायचे आणि त्यांच्यावर थेट रंग लावायचा.

इथे मला आप्पांबद्दल लिहावंच लागेल. माझे वडील ऑपरेटर होते. आधी निपाणी-चिकोडी भागातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या टॉकीजमध्ये, नंतर बेळगावातल्या थिएटरात. 35 मिलिमीटरची फिल्म त्यांच्या बोटांना पाठ होती. एका फुटात 16 चौकटी, सेकंदाला 24, म्हणजे मिनिटाला 90 फूट. फिल्म तुटली की ब्लेडने कड खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं, आणि तेवढ्यात खाली लोक शिट्ट्या मारायला लागलेले. रीळ संपत आली की वरच्या कोपऱ्यात ठिपका येई, तो बघून दुसरा प्रोजेक्टर सुरू करायचा. ठिपका झिजलेला असला तर ऑपरेटर स्वतः टोच्याने खरवडून घेत. जुन्या प्रिंटवर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा. कापून टाकलेले तुकडे आम्ही पोरं घरी आणायचो. फुकट गेलेल्या बल्बच्या मागचा भाग फोडून त्यात पाणी भरायचं, आरशाने कवडसा पाडायचा आणि भिंतीवर फिल्म बघायची. त्या तुकड्यांवर सुईने रेघा मारून बघायचा चाळाही आम्हाला होता. काळ्या फिल्मवर सुई फिरवली की भिंतीवर पांढरी रेघ उमटते, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

म्हणून 1935 ची ‘अ कलर बॉक्स’ मी आप्पांना दाखवली. चारएक मिनिटांची फिल्म. क्यूबन नाचाचं झणझणीत संगीत आणि त्याच्या ठेक्यावर रंगांच्या रेघा, ठिपके, जाळ्या, सगळं हाताने फिल्मवर रंगवलेलं. कुठे ब्रश, कुठे कंगवा ओढलेला, कुठे साचा धरून फवारा. संगीत फिल्मशी फूट-फूट जुळवायला जॅक एलिट या मित्राने मदत केली. पैसे दिले ब्रिटनच्या टपाल खात्याच्या फिल्म विभागाने, जॉन ग्रिअर्सनच्या हाताखालच्या. अट एवढीच की शेवटी पार्सल टपालाची जाहिरात हवी. ब्रसेल्सच्या महोत्सवात या फिल्मला कुठल्याच गटात बसवता येईना, तेव्हा खास बक्षीस देण्यात आलं.

आप्पांनी चष्मा पुसून ती पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, “कॅमेराच नाही? मग गेटातनं जाताना रंग खरवडला जात नव्हता काय रे?” ऑपरेटरचा प्रश्न. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फिल्म दाबून सरकते, दात भोकांत अडकून तिला खेचतात; रंगाचा थर तिथे टिकणार नाही. मी त्यांना सांगितलं की रंगवलेली फिल्म मूळ म्हणून ठेवायची आणि तिच्यावरून रंगीत प्रिंट काढून ती चालवायची. “मग बरोबर,” म्हणाले. “हाताला चौकटीचा अंदाज पाहिजे पण.”

तो अंदाज काय असतो ते 1958 च्या ‘फ्री रॅडिकल्स’मध्ये कळतं. लेन 1944 मध्ये न्यूयॉर्कला गेला होता आणि तिथे पोटासाठी बातमीपटांचं काम करत होता. या फिल्ममध्ये रंगही नाही. 16 मिलिमीटरची काळी फिल्म, आणि तिच्यावर सुया, करवतीचे दाते, दंतवैद्याची हत्यारं यांनी ओरखडे. मागे आफ्रिकेतल्या बागिर्मी लोकांचे ढोल. पांढऱ्या रेघा गरगर फिरतात, काळ्या पोकळीत पुढे येतात, मागे जातात. आता हिशेब बघा. चौकट आडवी जेमतेम 10 मिलिमीटर. पडदा 4 मीटर रुंद धरला तर सगळं 400 पट मोठं दिसतं. हात अर्धा मिलिमीटर सरकला तर पडद्यावर रेघ 20 सेंटिमीटर उडी मारते. फिल्मची आज दाखवतात ती प्रत 4 मिनिटांची, म्हणजे 5,760 चौकटी. लेनने हा हाताचा कंप काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. त्याने अंगाला पीळ देऊन, श्वास धरून, ओरखडा असा मारला की रेघेत अंगातली थरथर उतरावी. ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातल्या प्रायोगिक फिल्मच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. 2008 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत तिची नोंद झाली.

माझी सगळ्यात आवडती मात्र ‘फ्री रॅडिकल्स’च्या आदल्या वर्षीची ‘ऱ्हिदम’. एका मिनिटाची, क्रायस्लर मोटारीच्या कारखान्याची जाहिरात. असेंब्ली लाइनवर गाडी बनत असल्याचं चित्रीकरण घेऊन त्याने ते चिंधी चिंधी कापलं, मधले बारीक तुकडे टाकून दिले आणि उरलेले ढोलाच्या ठेक्यावर जोडले. पत्रा आला, दरवाजा बसला, चाक चढलं, नट आवळला, सगळं उड्या मारत. कामगारांचे हात आणि खांदे त्यात नाचल्यासारखे दिसतात, आणि ते खोटं नाही. चांगल्या टर्नरला चालत्या मशीनवर बघा: डावा हात चाकावर, उजवा लिव्हरवर, डोळा कापून निघणाऱ्या चिपवर, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. त्याला एक लय असते आणि ती बिघडली की जॉबही बिघडतो. हे कुणी पडद्यावर आणलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही. कंपनीने मात्र ती जाहिरात वापरली नाही. न्यूयॉर्कमधल्या जाहिरातींच्या स्पर्धेत ती पहिली ठरली होती, पण प्रत्यक्ष प्रसारित झालेली नाही म्हणून बक्षीस काढून घेतलं. मला अजून त्याचा राग येतो.

फिल्मसाठी पैसा मिळेना म्हणून लेनने फिल्म करणं जवळजवळ थांबवलं आणि तो पोलादाकडे वळला. हालचालच मांडायची तर पडदा तरी कशाला हवा? 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याने आपली ही चालती शिल्पं दाखवली, आणि त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या चालत्या कलेच्या मोठ्या प्रदर्शनातही तो होता. ‘फाउंटन’मध्ये बारीक पोलादी सळ्यांचा झुबका बुडाशी फिरतो आणि वरची टोकं झुलतात. ‘लूप’मध्ये 22 फुटी पट्ट्याचं कडं करून ते आडव्या बुडावर ठेवलेलं. बुडात विद्युतचुंबक. चुंबक कड्याला खाली खेचतो, सोडतो, कडं उसळून डोलत राहतं आणि अधूनमधून वर टांगलेल्या गोळ्याला जाऊन भिडतं. चुंबकाची वेळ ठरलेली असली तरी कडं दर वेळी जरा वेगळं उसळतं.

आता त्या पोराचा प्रश्न. पट्टी तुटत नाही काय? तुटते. पुणे-बेंगळुरू रस्त्याच्या कडेला कमान-पाट्याची दुकानं आहेत, तिथल्या कोणालाही विचारा. ट्रकचा पाटा एका धक्क्याने सहसा मोडत नाही, लाखो छोट्या वाकण्यांनी मोडतो. सेकंदाला 5 वेळा वाकणारी पट्टी 8 तासांच्या एका दिवसात 1 लाख 44 हजार वेळा वाकते. प्रदर्शनात आठवडाभर ठेवली तर आकडा 10 लाखांवर गेला. कडेला नखाएवढा ओरखडा राहिला असेल तर चीर तिथून सुरू होते. म्हणून अशा पट्टीच्या कडा लांबीच्या दिशेने पॉलिश करायच्या, क्लॅम्पच्या तोंडाला गोलाई द्यायची, भोक शक्यतो पाडायचंच नाही. पोलादाला पाणी नीट दिलेलं हवं. कडक राहिलं तर काचेसारखं फुटतं, नरम पडलं तर वाकलेलं सरळ होत नाही.

आणि लेनला पाहिजे होतं मोठं. खोलीत मावणाऱ्या कामांकडे तो नमुने म्हणून बघायचा. त्याच्या डोक्यात माणसाच्या कितीतरी पट उंच पट्ट्या होत्या. ड्रॉइंगवर आकडे दुप्पट करणं सोपं आहे. पोलाद तसं ऐकत नाही. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली तर स्वतःच्या वजनाने ढासळू नये म्हणून जाडी दुप्पट करून पुरत नाही, सुमारे 2.8 पट लागते. जाडी वाढली की वाकताना पृष्ठभागावरचा ताण वाढतो: लहान पट्टीसारखाच बाक हवा असेल तर सुमारे 40 टक्के जास्त. वर तिचा स्वाभाविक डोलण्याचा वेगही सुमारे 70 टक्क्यांवर येतो, म्हणजे मोठी पट्टी लहानीसारखी नाचतच नाही, संथ होते. मग मोटर वेगळी, क्लॅम्प वेगळा, पोलादाची जात वेगळी. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडे ना एवढा पैसा होता ना एवढं वर्कशॉप.

ते मिळालं न्यू प्लिमथमध्ये. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, न्यूझीलंडच्या तारानाकी भागातलं एक किनाऱ्यावरचं शहर. दुधाचे कारखाने, तेल आणि नैसर्गिक वायू, आणि त्यांच्यामागे वाढलेली फॅब्रिकेशनची शॉप्स. तिथल्या गोव्हेट-ब्रूस्टर कलादालनाने लेनचं मोठं काम करायचं ठरवलं आणि जॉन मॅथ्यूज या तिथल्याच इंजिनिअरने ते अंगावर घेतलं. 1977 मध्ये ‘ट्रिलॉजी’ उभी राहिली: छतापासून लोंबणाऱ्या तीन पोलादी पट्ट्या, मधली वळसा घातलेली, बाजूच्या दोन सरळ. वरून मोटरी त्यांना फिरवतात, मग एकदम थांबवतात, आणि पट्ट्या पिळवटत, गडगडत आपला जोर बाहेर टाकतात. लेन स्वतः ते बघायला गेला होता. हे लोक आपलं काम करू शकतात याची त्याला खात्री पटली असणार, कारण आपला सगळा ठेवा त्याने त्यांच्या हवाली करायचं ठरवलं. 15 मे 1980 रोजी अमेरिकेतल्या वॉर्विकमध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच वर्षी त्याच्या नावाचं प्रतिष्ठान स्थापन झालं. 2015 मध्ये न्यू प्लिमथमध्ये लेन लाय सेंटर उघडलं, बाहेरून सगळं चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या घड्यांचं.

तो गेल्यावर जे बांधलं गेलं त्यात मला ‘विंड वाँड’ सगळ्यात जवळचं. समुद्रकाठी 45 मीटर उंच, तांबडी, लवचीक नळी, टोकाला दिवा. मोटर नाही. वारा आला की वाकते. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चैत्रात जोतिबाला गेलेल्या प्रत्येकाने सासनकाठी बघितलेली असते: बुडाशी पेलणारा गडी, चहूबाजूंनी दोऱ्या धरलेले सोबती, हलगीचा ठेका आणि वर आभाळात डोलणारं टोक. खाली बोटभर हालचाल झाली की वर हातभर होते. काठी पेलणाऱ्याला लेन लायने काय शोधलं ते खांद्याने कळेल. 1999 च्या अखेरीस उभी केलेली विंड वाँड लवकरच दुरुस्तीसाठी उतरवावी लागली आणि मग पुन्हा उभारली. वाऱ्यावर सोडलेल्या वस्तूचं गणित पहिल्या फटक्यात बसत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काही समीक्षक म्हणतात, कलाकार गेल्यावर इंजिनिअरांनी मोठं करून बांधलेलं काम त्याचं कसं म्हणायचं? भाचीचंही जवळजवळ हेच मत आहे. कॉलेजात तिला तसं शिकवलंय. माझं मत साफ उलटं आहे. लेनने चित्रं, मापं, नमुने आणि हालचाल कशी हवी याचं वर्णन मागे ठेवलं. आमच्या धंद्यात याला ऑर्डर म्हणतात. ऑर्डर देणारा माल बघायला हयात नसला तरी ड्रॉइंग त्याचंच असतं, आणि ते टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, बसवणं हे करणाऱ्याचं इमान असतं. उलट मला वाटतं, मॅथ्यूज आणि त्यांच्या शॉपमधल्या वेल्डर-फिटरांची नावं कलाकाराच्या नावाखाली ठळक छापायला हवीत. कँटरबरी विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागातल्या लोकांचीही, ज्यांनी मोठ्या पट्ट्यांच्या ताणाचा हिशेब केला. हालचाल मांडायची तर ती पेलणारा क्लॅम्पही कोणीतरी मांडावा लागतो.

उद्यमबागेत असं काम करणारे हात आहेत. पाटा तापवून पाणी देणारे मेस्त्री आहेत, रोटर बॅलन्स करणारे आहेत, व्हीएफडी लावून मोटरचा वेग सेकंदागणिक बदलणारी पोरं आहेत. एका बाजूला धारवाड, दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, दोन्हीकडे चित्र-शिल्प शिकणारी मुलं आहेत. हे कारागीर आणि ही मुलं एका बाकावर बसत नाहीत एवढीच अडचण आहे, आणि ती मला दूर करता येण्यासारखी वाटते.

भाचीला मी होय म्हणून कळवलंय. दीड मीटर उंचीची, 2 मिलिमीटर जाडीची, स्प्रिंग स्टीलची पट्टी. क्लॅम्पचे जबडे आमच्या मिलिंगवर होतील, तोंडाला 3 मिलिमीटरची गोलाई. मोटर अर्ध्या एचपीची, आड दांडा क्रँकने मागेपुढे करणारी, स्ट्रोक बदलता येईल अशी. समोरचा गोळा कशाचा करायचा यावर आमचं एकमत नाही: ती लाकूड म्हणते, मी बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आप्पा म्हणतात, दोन्ही करून बघा, आवाज मी सांगतो. पट्टीभोवती जाळीचा गार्ड घालायचाच, त्याबाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही. ज्यांना पोलाद, मोटर किंवा वेल्डिंगमध्ये गती आहे आणि सुट्टीच्या दिवशी हात लावायची इच्छा आहे त्यांनी खाली लिहा. विशेषतः पट्टीच्या कडा हाताने पॉलिश करणारा कोणी चांगला माणूस माहीत असेल तर लगेच सांगा, कारण तेवढंच काम अजून कोणाकडे द्यायचं ते ठरलेलं नाही.